दोन सरकारं आणि एक इंजिन

संपादकांनी ‘नोकरीतला एखादा गमतीदार अनुभव लिहा’ असं कळवलं. गमतीदार अनुभव बरेच होते, पण ते आता एकमेकांत मिसळून गेलेत. जो एक वेगळा राहिला, तो गमतीदार नाही. तरी तोच लिहितो. दुसरं काही लिहायला बसलो की हात थांबतो.

आमचं प्रशिक्षण केंद्र मालवणच्या जवळ, समुद्राला लागून. मच्छीमारांच्या मुलांना बोटीवरचं डिझेल इंजिन चालवायला आणि दुरुस्त करायला तिथे शिकवत. मी तिथला शिक्षक. सगळे मोंडकर मास्तर म्हणत. माझ्या नोकरीच्या मध्यावर केव्हातरी दिल्लीत असं ठरलं, की लहान लहान देशांतले लोकही आमच्याकडे शिकायला पाठवायचे. मोठा देश लहान देशाला मदत करतो ती दोन तऱ्हांनी. एक, वस्तू द्यायच्या: बोट, रुग्णवाहिका, इस्पितळाची इमारत. दुसरी, तिकडची माणसं बोलवून त्यांना काम शिकवायचं. वस्तू दिली की बँड वाजतो, दोन्हीकडचे मंत्री टाळ्या वाजवतात. शिकलेला माणूस आपल्या देशात विमानातून उतरतो तेव्हा त्याला घ्यायला फार तर बायको येते. त्यामुळे आमच्याकडे कुणाचं फारसं लक्ष नसे, आणि मला ते सोयीचं होतं.

देशांची नावं लिहीत नाही. ती सवय सरकारी नोकरीतच लागली. एका देशाला मेकॅनिक सोडवेना म्हणून त्यांनी बंदर खात्यातल्या टायपिस्ट बाईंना पाठवलं होतं. पहिल्याच दिवशी डिझेलच्या वासाने त्यांना उलटी झाली. सहा महिन्यांनी त्या इंधनपंपाची जोडणी माझ्याहून नीट करत. दुसऱ्या एका देशाचे गृहस्थ कुणा मंत्र्याचे मेव्हणे होते. त्यांना इंजिनात काडीचा रस नव्हता, मालवणी खाजात, म्हणजे गुळात घोळवलेल्या कांड्यांत, मात्र होता. जाताना पेटीतले कपडे काढून खाजं भरून नेलं. अशी माणसं आली, गेली. निवृत्तीला थोडे महिने उरलेले असताना जी शेवटची तुकडी आली, तिच्यात मार्सेल होता.

ते आठ जण होते, एका बेटांच्या देशातले. सातजण तरुण, त्यात रोझलीन नावाची एक मुलगी. मार्सेल पंचेचाळिशी ओलांडलेला, रुंद खांद्यांचा, कमी बोलणारा. कुडाळ स्टेशनवर त्यांना घ्यायला गेलो तर इतरांच्या हातांत मोबाइल होते, याच्या काखेत कॅनव्हासची एक गुंडाळी होती. आत नट-बोल्ट आवळायचे त्याचे स्वतःचे पाने, लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने. मी विचारलं, आमच्याकडे पाने नसतील असं वाटलं का? तो म्हणाला, “तुमच्याकडे असतील. पण हात ह्यांना ओळखतात.” मला तिथेच तो आवडला.

त्याच्या बेटावर डॉक्टर नाही. माणूस आजारी पडला की बोटीने मुख्य बेटावर न्यायचा, तीन तासांचा समुद्र. त्यासाठी आपल्या देशाने त्यांना दोन रुग्णवाहिका-बोटी भेट दिल्या होत्या. त्यांतली एक वर्षभरात बंद पडून वाळूत चढली. दुसरी मार्सेल चालवत होता. बोट देताना करारात आपण एक अट घातली होती: प्रमाणपत्र असलेल्या माणसाशिवाय इंजिन कुणी उघडायचं नाही. अट शहाणपणाची होती. फक्त त्या देशात असं प्रमाणपत्र असलेला माणूस एकच होता, तो मुख्य बेटावर बसे आणि त्याला बेटाबेटांवर न्यायला बोट लागे. मार्सेल आमच्याकडे आला तो त्या कागदासाठी. काम त्याला निम्म्याहून अधिक येतच होतं.

बाहेरच्या वाचकाला एक गोष्ट सांगून ठेवतो. बोटीच्या इंजिनाला मोटारीसारखा वाऱ्याचा उपयोग नाही. ते समुद्राचंच पाणी आत ओढून, कुलर नावाच्या भागातून फिरवून स्वतःला थंड ठेवतं आणि ते पाणी मागच्या नळीतून बाहेर टाकतं. पाणी ओढायला रबराचा लहानसा पंखा असतो, तळहातावर मावेल एवढा. त्याला इंपेलर म्हणतात. तो झिजला की इंजिन तापतं, तापलं की अडकतं. म्हणून आमच्याकडे बोट सुटताना लोक मागे वाकून बघतात, धार पडते की नाही. विचारण्याची रीत जरा गावठी आहे: “मुतता मां रे?” आठही परदेशी विद्यार्थी मालवणीतलं पहिलं वाक्य शिकले ते हेच. वर्कशॉपमध्ये दिवसभर तेच चाले. मार्सेलने मात्र शांतपणे बरीच मालवणी उचलली. माझी बायको मंगल त्याला म्हणे, “मार्सेल, जेवतलंस मां?” तर तो पाटावर बसत म्हणे, “जेवतलंय. कडी होयी.” कढी त्याला हवीच असे. आमच्यासारखंच नारळाचं कालवण, आमच्यासारखाच तांदूळ. देवबागला माझ्या घरी तो रविवारी यायचा, खाडीच्या बाजूच्या पायरीवर बसायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बोटींच्या इंजिनांचे आवाज ऐकून त्यांचे रोग सांगायचा. दहांत आठ वेळा बरोबर.

दिल्लीहून एक बाई पाहणीला आल्या होत्या. हुशार, सौम्य बाई. त्यांनी मार्सेलला इंग्रजीत विचारलं, शिक्षण कसं चाललंय? तो उभा राहून म्हणाला, “सगळा बरा आसा.” बाईंनी कौतुकाने मान हलवली आणि मला हळूच विचारलं, “ही त्यांची भाषा का? फार गोड आहे.” मी म्हटलं, “होय, गोड आहे.” मग मार्सेलने इंग्रजीत सांगितलं, की बोटींबरोबर सुटे भाग पाठवा, निदान इंपेलर तरी. बाईंनी वहीत लिहून घेतलं. मला वाटतं त्यांनी मनापासून लिहून घेतलं. पुढे ते कुठल्या टेबलावर थांबलं, कोण जाणे.

आमचा अभ्यासक्रम असा: आधी चार महिने वर्कशॉप, शेवटचा महिना समुद्रात. चालत्या बोटीवर चाळीस तास, मी बिघाड करायचा आणि विद्यार्थ्याने तो शोधायचा. चाळीस तास झाल्याशिवाय मी कुणाच्या प्रमाणपत्रावर सही केली नाही. मंत्र्याचे मेव्हणे सहीविना गेले. त्यावरून वरून फोन आला, तेव्हाही केली नाही. ह्या गोष्टीचा मला अभिमान होता. अजून आहे, पण आता तो पूर्वीसारखा मोकळेपणाने सांगता येत नाही.

चौथा महिना संपत आला आणि दोन्ही सरकारांचं बिनसलं.

झालं असं, की त्यांच्या एका बेटावर आपल्याला जेटी आणि टेहळणीचं ठाणं बांधायचं होतं. बोलणी झाली होती. पण तिकडच्या लोकांनी विरोध केला, मोर्चे निघाले, त्यांच्या संसदेने नाही म्हटलं. बातमी आली की एक दुसरा मोठा देशही त्यांच्याशी बोलतो आहे. इकडे टीव्हीवर रोज संध्याकाळी आरडाओरडा: आम्ही बोटी दिल्या, औषधं दिली, आणि हे उलटले. कुणीतरी आमच्या आठजणांचा मालवणच्या धक्क्यावर हसत सरबत पिताना व्हिडिओ काढला आणि खाली लिहिलं, आपलं खाऊन आपल्याला डोळे दाखवणारे. चार दिवसांत तो सगळ्या गावाच्या मोबाइलवर होता. रोझलीन साबण आणायला गेली तर नेहमीचा दुकानदार तिच्याशी बोलला नाही, वस्तू पुढे सरकवली. ती मला म्हणाली, “सर, त्यांनी काही वाईट म्हटलं नाही. काहीच म्हटलं नाही.”

खरं सांगायचं तर माझ्याही मनात किल्मिष आलं होतं. रविवारी मार्सेल घरी आला, पायरीवर बसला. मंगलने चहा दिला. मी जरा तुटकच होतो. शेवटी त्यानेच विचारलं, “मास्तर, तुम्ही माझ्यावर रागावलात?”

मी म्हटलं, “तुझ्यावर नाही. पण तूच सांग, बोटी घेतल्या आणि जेटीला नाही म्हणता. हे बरं दिसतं का?”

त्याने चहाचा कप पायरीवर ठेवला. मग म्हणाला, “ज्या बेटावर जेटी होणार, तिथे माझी सासुरवाडी आहे. पन्नास घरं नाहीत. जेटी जिथे मागतात तिथेच मासे अंडी घालायला येतात. मास्तर, तुमच्या ह्या गावाला कुणी रुग्णवाहिका दिली आणि वर्षभराने म्हणाला, तिकडे खाडी समुद्राला मिळते तेवढा तुकडा आम्हाला द्या, तर तुम्ही काय म्हणाल?”

देवबाग म्हणजे एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मधे वाळूची पट्टी. दर पावसाळ्यात ती थोडी जाते. तिच्यातला वीतभर तुकडाही कुणी कुणाला द्यायला तयार नसतो, भावाभावांत बोलणं बंद होतं. आतून मंगल म्हणाली, “त्येचा काय चुकला? बरोबर सांगता तो.” तिला आमचं इंग्रजी किती कळलं, देव जाणे. पण सूर कळला असावा.

दुसऱ्याच आठवड्यात पत्र आलं. परदेशी प्रशिक्षणार्थींची समुद्रातली प्रात्यक्षिकं पुढील आदेशापर्यंत स्थगित. त्यानंतर तीन दिवसांनी त्यांच्याच सरकारचा निरोप: सगळ्यांनी परत यावं, दहा दिवसांत. म्हणजे आम्ही समुद्र बंद केला आणि त्यांनी दार. दोन्ही सरकारांचं निदान एवढ्यावर एकमत झालं.

मी प्राचार्यांकडे गेलो. ते वयाने माझ्याहून लहान, माणूस वाईट नव्हता. मी म्हटलं, “साहेब, पत्रात समुद्र म्हटलंय. मी खाडीत नेतो. दहा दिवसांत रोज चार तास, चाळीस होतात.”

ते म्हणाले, “मोंडकर, खाडी आणि समुद्र यांच्यातला फरक तुम्ही मला सांगाल. चौकशी करणाऱ्याला कोण सांगणार? केंद्राची बोट मी देऊ शकत नाही. आणि तुमची निवृत्ती जवळ आली आहे. आता कशाला?”

मग मी माझा चुलत भाऊ बबन याच्याकडे गेलो. देवबागला त्याचा पर्यटकांना फिरवण्याचा धंदा, चार बोटी. त्यांतल्या एका जुन्या बोटीला आमच्या शिकवण्याच्या इंजिनासारखंच इंजिन. पूर्वीच्या तुकड्यांना तो ती आनंदाने देत असे.

“दादा, तू माका कोंडीत पकडू नको,” तो म्हणाला. “तो व्हिडिओ बघलंस मां? माझी गिऱ्हायकां काय म्हणतली?”

“गिऱ्हायकांका कोण सांगता?”

“हय कोण सांगूक लागता? वाऱ्यार जाता सगळा.”

मी उठून निघालो. पण बबनची आई, माझी काकी, तिने आतून ऐकलं होतं. संध्याकाळी बबन घरी आला, किल्ली माझ्या हातात ठेवली. “आवशीन जेवूक दिल्यान नाय माका. घे. उद्या सकाळी ने. पण मी दिलंय म्हणान सांगा नको.”

आता जे सांगायचं आहे ते मी आजवर घरातही नीट सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटाच खाडीवर गेलो. मार्सेलला अजून सांगितलं नव्हतं, म्हटलं आधी बोट बघून घेऊ. बोट पाण्यावर होती. डिझेल भरलेलं. भरती लागत होती. मी इंजिन सुरू केलं, मागे वाकून धार बघितली. सगळं उत्तम. धक्क्यावर एक बाई शिंपल्या वेचत होती, तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. पोलीस नाही, अधिकारी नाही, मोबाइल घेऊन कुणी उभं नाही. मला अडवणारं तिथे कुणीही नव्हतं. मी त्या बोटीत बसून राहिलो. डोळ्यांपुढे चौकशीची नोटीस आली, थांबलेली पेन्शन आली, टीव्हीवर माझं नाव आलं. मंगलचं गुडघ्याचं ऑपरेशन व्हायचं होतं. असं करता करता मी इंजिन बंद केलं, किल्ली काढली आणि बबनच्या घरी जाऊन परत दिली. तो म्हणाला, “काय झाला?” मी म्हटलं, “काय नाय. नको.”

केंद्रात गेलो तर मार्सेल दारातच उभा होता. त्याला कुणाकडून तरी कळलं होतं की मी बोटीची खटपट करतोय. मी त्याला सांगितलं, “बोट मिळाली नाही.”

तो म्हणाला, “बरा, मास्तर. तुम्ही प्रयत्न केलात.”

दोन दिवसांनी रोझलीन माझ्या टेबलापाशी आली. ती म्हणाली, “सर, आम्हा सातजणांचं असू दे, आम्ही तरुण आहोत. पण मार्सेलच्या कागदावर चाळीस तास लिहा. त्याला सगळं येतं हे तुम्हाला माहीत आहे. तास कोण मोजायला येणार आहे?”

मी तिला सहीबद्दलचं माझं तत्त्व सांगितलं. समजावून, शिक्षकासारखं. जे पाहिलं नाही त्याच्यावर सही केली तर उद्या ह्या केंद्राच्या सहीला काय किंमत राहील, वगैरे. ती ऐकून घेऊन गेली. मी बोललो त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. पण दोन दिवसांपूर्वी भ्यालेला माणूस तत्त्वाविषयी बोलायला लागला की जास्तच छान बोलतो, हे मला त्या दिवशी कळलं. आठही जणांना मी उपस्थितीचा दाखला दिला. ह्या ह्या काळात हजर होते, वर्तणूक चांगली. तो कागद कशाला लागतो, मला माहीत नाही.

जायच्या आदल्या दिवशी दुपारी वसतिगृहाकडे गेलो तर मागच्या पडवीत मार्सेल उकिडवा बसलेला. पुढ्यात अवजारांची पेटी. प्रत्येक विद्यार्थ्याला आपल्या सरकारकडून अशी पेटी भेट मिळे, झाकणावर मोठा स्टिकर: झेंडा, आणि ‘भारताच्या जनतेकडून भेट’. मार्सेल रॉकेलचा बोळा घेऊन तो स्टिकर घासत होता. मला बघून थांबला. उठला नाही, लपवलंही नाही.

“विमानतळावर आमचे लोक उभे असतात,” तो म्हणाला. “हे दिसलं तर पेटी काढून घेतील. मला पाने हवे आहेत, मास्तर.”

मला वाईट वाटलं. का वाटलं ते सांगता येणार नाही. तो कागद होता, झेंडा छापलेला कागद. पण माझ्या समोर तो खरवडला जात होता. मी तसाच वळून वर्कशॉपमध्ये गेलो. तिथे थोडा वेळ उगाच उभा राहिलो. मग थिनरची बाटली आणि दोन पातळ पाती घेऊन परत आलो. “रॉकेलने डाग राहतो,” मी म्हटलं. “सरक.” आम्ही दोघांनी मिळून आठही पेट्यांचे स्टिकर काढले. झेंडा मी हलक्या हाताने, एका तुकड्यात सुटेल असा काढत होतो. मार्सेलने ते पाहिलं आणि पुढच्या पेटीवर तोही तसाच काढू लागला. काढलेले आठ झेंडे मी पाकिटात घालून घरी आणले. टाकायचे कुठे, हे काही सुचलं नव्हतं.

ते गेले. मी निवृत्त झालो. नारळ, शाल, भाषणं. मंगलच्या गुडघ्याचं ऑपरेशन चांगलं झालं.

वर्ष उलटून गेल्यावर एका दुपारी, जेवायला बसत होतो तेवढ्यात मार्सेलचा फोन आला. अधूनमधून त्याचे निरोप येत, पण फोन कधी आला नव्हता. मागे वारा आणि कुणीतरी विव्हळत असल्याचा आवाज.

“मास्तर, मी बोटीवर आहे. आमच्या शाळेच्या बाई आहेत, पोटात दुखतं, ताप आहे. इंजिन तापलं. धार पडत नाही.”

ते किनाऱ्यापासून फार लांब गेले नव्हते, म्हणून फोन लागत होता. मी म्हटलं, “बंद कर. पाणी आत येतं तो कॉक बंद कर. मग पंपाचं झाकण काढ.”

तो म्हणाला, “मला परवानगी नाही, मास्तर.”

मी म्हटलं, “उघड.”

सहा स्क्रू. एकेक काढताना तो मोठ्याने मोजत होता. झाकण निघालं. “पंख्याच्या चार पात्या तुटल्यात.”

“तुकडे किती मिळाले?”

“दोन.”

“मग दोन पुढे गेलेत. कुलरकडे जाणारी नळी सोडव, तोंडाशीच अडकले असतील.”

हे सगळं वर्गात मी फळ्यावर काढून दाखवलं होतं. चालत्या बोटीवर त्याच्याकडून करून घ्यायचं राहिलं होतं. दोन तुकडे मिळाले. पण नवा इंपेलर नव्हता. कधीच नव्हता. मी विचारलं, बोटीच्या तळात साचलेलं पाणी उपसायचा विजेचा छोटा पंप चालतो का? चालत होता. मासे ठेवायचा मोठा टब? होता. मग त्याला सांगितलं, तो पंप टबात ठेव, त्याची नळी थेट कुलरच्या तोंडाला तारेने बांध, टब समुद्राच्या पाण्याने भरत राहा आणि इंजिन हळू चालव. वेग मागू नकोस. त्या बाईंचा नवरा आणि मेव्हणा बरोबर होते, त्यांच्या हातांत बादल्या दिल्या.

इंजिन सुरू झाल्याचा आवाज मी फोनवर ऐकला. “ऐक,” तो म्हणाला आणि फोन मागे नेला. धारेचा आवाज बारीक होता, पण होता. मग किनारा लांब गेला असावा, फोन तुटला.

मंगल म्हणाली, “तुमी जेवलात नाय अजून.” मी म्हटलं, जेवतो. ताट तसंच राहिलं. ऊन उतरेपर्यंत मी पायरीवर बसून होतो. संध्याकाळी निरोप आला. पाच तास लागले. दोन माणसं पाच तास बादल्या ओतत होती. बाईंचं ऑपरेशन चालू आहे. दुसऱ्या दिवशी दुसरा निरोप: बाई वाचल्या.

त्या दिवशी मी बबनकडे जाऊन सगळ्यांना ही गोष्ट सांगितली. गोष्ट इथे संपली असती तर मीसुद्धा ह्या अंकात ती मोठ्या थाटात लिहिली असती.

महिन्याभराने मार्सेलला त्यांच्या बंदर खात्याने बोलावलं. बाईंना वाचवल्याबद्दल शाबासकी दिली. मग विचारलं, इंजिन कुणी उघडलं? प्रमाणपत्र कुठे आहे? करार त्यांच्या फायलीत होता, अट आपणच घातलेली होती. त्यांचा नाइलाज होता, असं मार्सेल स्वतः म्हणाला. त्याला बोटीवरून काढलं.

मला कळलं तेव्हा मी साध्या कागदावर पत्र लिहिलं. निवृत्त शिक्षक अमुक, मी ह्या माणसाला शिकवलं आहे, त्या दिवशीचं काम मी फोनवर ऐकलं आहे, चाळीस तासांची परीक्षा घेतली असती तर ह्याहून अवघड बिघाड मी केला नसता. मार्सेलने ते बंदर खात्यातल्या साहेबांपुढे ठेवलं. साहेबांनी आदराने वाचलं आणि सांगितलं, हे त्यांच्या सरकारमार्फत, वकिलातीतून यायला हवं. मी केंद्रात गेलो, दिल्लीला लिहिलं, त्या सौम्य बाईंचा पत्ता काढायचा प्रयत्न केला. त्यांची बदली झाली होती. मला उत्तर आलं, की सध्या त्या देशाशी ह्या विषयावर पत्रव्यवहार नाही.

पुढे दोन्ही सरकारांचं जमलं. जेटी दुसऱ्या बेटावर ठरली, की ठरलीच नाही, नीटसं कळलं नाही. नेत्यांनी हात मिळवले, नवी तुकडी येणार असं केंद्राकडून कळलं. मी लगेच मार्सेलचं नाव सुचवायला गेलो. नव्या नियमात वयाची अट चाळीस होती.

त्यानंतर मी त्याला फोन केला. नियमाचं सांगितलं, तो “बरा” म्हणाला. मग मी त्याला त्या सकाळचं सांगितलं. बोट मिळाली होती. किल्ली माझ्याकडे होती. मी भ्यालो आणि तुला खोटं सांगितलं.

तो म्हणाला, “मास्तर, आम्हाला परत बोलावलं तेव्हा मी म्हणू शकलो असतो, थांबतो, शिकून येतो. मीही पेटी भरली.” आणि पुढे, “बोट तशीच चालते अजून, टबावर. नवा पोरगा आहे, दुसऱ्या देशातून प्रमाणपत्र आणलंय, चांगला आहे. पण इंपेलर नाही. तिकडे मिळतो का?”

इंपेलर आमच्या बाजारात सहज मिळतो. मी चार घेतले आणि मालवणच्या पोस्टात गेलो. परदेशी पार्सलला फॉर्म असतो. आत काय आहे, पाठवण्याचं कारण काय, सगळं लिहायचं. खिडकीतली मुलगी ओळखीची.

“काय आसा ह्येच्यात, मास्तर?”

“रबराचे पंखे. बोटीचे.”

“विक्रीसाठी की भेट?” ती आता फॉर्मच्या भाषेत विचारत होती.

“भेट,” मी म्हटलं.

तिने खूण केली, शिक्का मारला.

पार्सल पोचायला दोन महिने लागले. मार्सेलचा निरोप आला, इंग्रजीत, मधेच मालवणी. पंखे मिळाले. एक बसवला, तीन शिल्लक. धार बरी पडता. बंदर खात्याने त्याला धक्क्यावर काम दिलं आहे. रोगी आला की तो त्याला बोटीत चढवतो, बोट सुटताना दोर तो सोडतो. मग ती दिसेनाशी होईपर्यंत थांबतो, कारण आवाज ऐकू येतो.

दोन दिवस गेले. मग लिहिलं, त्या पोराला सांग, दर सहा महिन्यांनी झाकण उघडून पात्या मोजायच्या. आणि मोजताना तू जवळ उभा राहा.